पोटभर मरण

लंडनच्या लँबेथ भागातल्या आमच्या गल्लीत गरिबी सगळ्यांच्याच घरी होती. पण केझाया प्लम्लीची गरिबी धुतलेली, दाबलेली आणि घडी घातलेली असायची. तिचा नवरा होडीसकट थेम्समध्ये बुडाला, तेव्हा गल्लीनं वर्गणी काढून तिला कपडे दाबायचा लाकडी चरक घेऊन दिला. विधवेला चरक द्यायचा आणि आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं, ही आमच्याकडची रीत. त्या चरकाच्या दोन रुळांमधून शेजाऱ्यांच्या चादरी काढत केझायानं आपले दिवस काढले. रोज सकाळी ती उंबरठा पांढऱ्या दगडानं घासायची. घरात खायला नसलं तरी घासायचीच; खरं म्हणजे नसलं की जरा जास्तच.

तापाच्या साथीत तिची दोन मुलं गेली. राहिली हेटी, आठ वर्षांची. तीही राहिली म्हणजे डोळे तेवढे राहिले.

ते डोळे थर्लबी साहेबांना दिसले. साहेब मासिकांतल्या गोष्टींना चित्रं काढत. त्या वर्षी एका मासिकात लिली नावाच्या अनाथ पोरीची गोष्ट दर महिन्याला येत होती. लिहिणाऱ्या बाई समुद्रकाठी राहत. लंडनची हवा त्यांना सोसत नसे, म्हणून लंडनची गरिबी त्या तिथूनच लिहून पाठवत. चित्रांसाठी मात्र खरी पोर लागणार होती.

साहेबांनी हेटीची हनुवटी वर केली, इकडे वळवली, तिकडे वळवली. "उत्तम. बाई, हिला अशीच ठेवा."

"अशीच म्हणजे कशी, साहेब?"

"आहे तशी."

दर मंगळवारी जायचं ठरलं. पैसे रोख, आणि वर साहेबांच्या स्वयंपाकघरातून पाव आणि थंड मांस. हिवाळ्यात कपडे वाळत नाहीत, लोक धुतच नाहीत, चरक गप्प बसतो. केझायाला हे काम देवानंच धाडल्यासारखं वाटलं.

पहिल्या दिवशी तिनं हेटीला खळ घातलेला कडक झगा चढवून नेलं. तो बघून साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी पेटीतून दुसरा झगा काढला. खांद्यावर फाटलेला, कोपरावर फाटलेला, खाली लोंबणाऱ्या चिंध्या. केझायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वाटलं, बिचारे साहेब एकटे राहतात, घरात बाईमाणूस नाही, कपड्यांची दशा बघणार कोण? निघताना तिनं तो झगा गुपचूप शालीखाली लपवला. घरी नेऊन उकळला, ठिगळं लावली, चरकातून दोनदा काढला आणि पुढच्या मंगळवारी घडी करून साहेबांसमोर ठेवला. शाबासकी नाही, तरी एखादा बरा शब्द येईल अशी तिची अपेक्षा होती.

साहेबांनी झगा उलगडून कोपर शोधलं.

"बाई, इथं एक भोक होतं."

"होय साहेब. बुजवलं मी."

"ते मी पाडलं होतं. कोपरावरचं जमायला मला अख्खी सकाळ लागली होती."

"चुकलं, साहेब."

त्यांनी तिच्या हातात कात्री दिली. जन्मभर फाटलेलं शिवत आलेली बाई ती. आता शिवलेलं फाडायला बसली. साहेब बाजूला उभे राहून सांगत होते, "अजून थोडं. खांदा दिसू दे. हां, आता गरीब दिसतं."

ही हकीकत शेजारच्या डॉर्कसनं ऐकली आणि हसून हसून तिला ठसका लागला. "पैसे देऊन भोकं पाडून घेतात? माझ्याकडे पाठव की त्यांना. आमच्याकडे तयार मिळतात."

डॉर्कसचा नवरा जेम चांभार होता आणि त्याला वाचता येत असे. शनिवारी त्याच्या दुकानात गल्ली जमायची आणि तो लिलीची गोष्ट मोठ्यानं वाचायचा. लिली तळघरात राहत होती, भाकरीचा तुकडा पाखरांना घालत होती आणि बोलायला लागली की बिशपला मागं टाकत होती.

"ही पोर कधी खाजवत कशी नाही गं?" डॉर्कसनं विचारलं.

"पुस्तकातल्या गरिबांना उवा होत नाहीत," जेम म्हणाला.

"आणि सावत्र बाप मारतो, तर ही त्याच्यासाठी प्रार्थना करते. आमची पोर कडाडून चावली असती."

"म्हणून तर तिचं कुणी चित्र काढत नाही."

सगळे हसले. केझाया मात्र हसली नाही; ती हेटीचे गाल बघत होती. मंगळवारच्या मांसानं त्या गालांवर थोडी लाली चढली होती. कुठल्याही आईला आनंद व्हावा अशी ती लाली. आणि केझायाला साहेबांचं 'आहे तशी' आठवलं.

तिची भीती खरी निघाली. "बाई, हिला गाल आलेत," साहेब पुढच्या खेपेला म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "लिली दर महिन्याला वाळत चालली आहे आणि ही फुगत चालली आहे. पुढच्या मंगळवारी लिली मरते. मरणाचं चित्र म्हणजे सगळ्या गोष्टीचा प्राण. त्याआधी दोन दिवस हिला काही देऊ नका. पाणी चालेल. नाहीतर मला अनाथालयातून दुसरी आणावी लागेल, आणि पुढच्या गोष्टीसाठीही मग तीच राहील."

"होय साहेब," केझाया म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं पाव फळीवर उंच ठेवला. हेटीनं फळीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि काहीच मागितलं नाही. दुपारी ती म्हणाली, "आई, मी झोपू का? झोपलं की भूक लागत नाही."

हे वाक्य त्या घरात आधीही कुणीतरी म्हणालं होतं. ते म्हणणारा हेटीचा भाऊ आता चर्चमागच्या मातीत होता.

केझाया उठली. पुढच्या गोष्टीचे पैसे, हिवाळा, कोळसा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि तरी ती उठली. फळीवरचा पाव तिनं खाली काढला. मंगळवारी सकाळी नवऱ्याचा चर्चला घालायचा कोट गहाण टाकून तिनं डुकराचं गरम मांस आणलं, शिजलेल्या वाटाण्याचा घट्ट गोळा आणला आणि वर मुरंबा भरलेला गोड पिठाचा रोल. हेटी जेवली. इतकी जेवली की साहेबांचा जिना चढताना तिला मध्येच बसावं लागलं.

"दोन दिवस?" साहेबांनी विचारलं.

"होय साहेब," केझाया म्हणाली. पोर साधी ढेकर देती तरी सगळं संपलं असतं.

साहेबांनी हेटीला पलंगावर निजवलं, हातात कागदी फुलं दिली. शेगडी पेटलेली, पोट भरलेलं, अंगाखाली मऊ उशी. हेटीला जन्मात पहिल्यांदाच अशी झोप लागली. कपाळावरची आठी सुटली, ओठ जरासे हसरे झाले, हात फुलांवर सैल पडले.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा बाई," ते कुजबुजले, "उपवासानं काय होतं ते. आत्मा कसा चेहऱ्यावर येतो."

केझायानं तो चेहरा बघितला. आपली दोन मुलं जाताना कशी दिसत होती ते ती विसरली नव्हती, आणि त्यात आत्मा कुठं दिसल्याचं तिला आठवत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "होय साहेब."

"पुढल्या हिवाळ्यात एक आंधळी मुलगी मरणार आहे. हिलाच आणा. पण नियम हाच."

"मी स्वतः लक्ष देईन, साहेब."

त्या चित्रावर अख्खा देश रडला म्हणतात. स्वतःच्या घोडागाडीतून फिरणाऱ्या बायका रडल्या, न्यायाधीश रडले. स्वस्तातल्या छापील प्रती निघाल्या. नाताळच्या आधी चर्चच्या मंडळाच्या मिस हॅविल कोळशाची टोपली घेऊन गल्लीत आल्या, तेव्हा केझायाच्या वाट्याला टोपलीबरोबर ते चित्रही आलं.

"हे भिंतीवर लावा," मिस हॅविल म्हणाल्या. साहेबांच्या ओळखीतल्या होत्या त्या. दर गुरुवारी त्यांच्याकडे चहाला जात. मग त्यांचं लक्ष चरकापाशी बसलेल्या हेटीकडे गेलं. गाल चांगले भरले होते तिचे. "आणि तू हिच्याकडून शीक, मुली. इतकी उपाशी, पण शेवटपर्यंत एका शब्दानं तक्रार केली नाही."

हेटीनं चित्रातल्या आपल्याच चेहऱ्याकडे निरखून बघितलं. "तक्रार कशाला करेल? पोट भरलं होतं तिचं."

मिस हॅविल यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "खरं आहे, बाळ. स्वर्गातल्या अन्नानं."

"नाही, वाटाण्या..."

केझायानं पावाचा जाडजूड तुकडा उचलला आणि पोरीच्या तोंडात पुरता कोंबला. "खा," ती म्हणाली. "खाताना बोलू नये."