धुरपदाबाईची गिरकी

ताडकळसला माझं मंडपाचं दुकान आहे आणि त्याला भिंतीला भिंत लागून सिद्धोधनची खोली. तो लग्नात बँजो वाजवतो. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, टेम्पोवर बांधलेले भोंगे. एकदा सुरू झाला की माझ्या रचून ठेवलेल्या खुर्च्या थरथरायला लागतात. मी त्याला रोज शिव्या घालतो आणि मंडप ठरवायला कुणी आलं की बँजोही त्याचाच सांगा म्हणून गळ घालतो.

सिद्धोधन पन्नाशीचा. अंगानं काडी, मिशी मात्र पोलीस पाटलाला शोभेल अशी. त्याचे वडील हलगी वाजवायचे. यानं कुणाचा तरी मोडका बँजो दुरुस्त केला आणि तो कधी परत केलाच नाही. त्याची बोटं म्हणजे एक कटकटच आहे. चहाचा कप असो, एसटीची खिडकी असो, ती वाजतच असतात. एकदा आम्ही एका दशक्रियेला बसलो होतो आणि गंभीर चेहरा करून बसलेल्या या माणसाची बोटं मांडीवर वरात काढत होती. मी चिमटा काढला तेव्हा थांबला.

आमच्या भागात सिद्धोधनची एक चाल आहे. तिला नाव नाही. पोरं नुसतं ओरडतात, "मामा, ती लावा!" ती सुरुवातीला साधीच वाटते. मग चढत जाते, अगदी टोकाला जाऊन थबकते, आणि माणूस श्वास धरून उभा असतानाच गर्रकन गिरकी घेऊन खाली येते. त्या गिरकीला जो नाचला नाही तो एक तर नवरीचा बाप असतो, नाही तर फोटोग्राफर.

त्याची मुलगी प्रियांका परभणीला वकिलीचं शिकते. तिनं बापाचे व्हिडिओ टाकायला मोबाइलमधल्या एका ॲपवर चॅनल काढून दिलं. त्यावर बघून मानवत, पोखर्णीकडूनही लोक सुपारी द्यायला यायला लागले. सिद्धोधन नवं जाकीट घालून हिंडू लागला. मी त्याला 'कलाकार' म्हणायला लागलो, आणि हा माणूस चिडायच्या ऐवजी खूश व्हायचा.

लग्नसराईच्या तोंडावर एके दिवशी तो मोबाइल पुढे धरून माझ्या दुकानात आला. चेहरा पार उतरलेला. त्याचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ मुका झाला होता. चित्रात सिद्धोधन जीव तोडून वाजवतोय आणि आवाज गायब. खाली लिहिलं होतं की या संगीताचे हक्क 'स्वरधन डिजिटल' नावाच्या कंपनीकडे आहेत, आणि पुन्हा असं केलं तर चॅनल बंद होईल.

"बालाजीभाऊ," तो म्हणाला, "माही चाल मीच चोरली म्हनायलेत."

प्रियांकानं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. कुठल्या तरी पोरानं लग्नात ती चाल मोबाइलवर रेकॉर्ड केली, खाली ढोलाचा ठोका घातला आणि आपली म्हणून या कंपनीला विकली. आता ॲपवरचं यंत्र दिवसभर कान लावून बसतं आणि ती चाल जिथं ऐकू येईल तिथं कंपनीचा हक्क सांगतं. खऱ्या मालकाच्या दारातही.

"मंग त्या ॲपवाल्याला कळत न्हाई का?" मी तडकलो.

"काका, आपला आठवडी बाजार कसा हाय? ठेकेदार जागेची पावती फाडतो. भाजी कुनाच्या वावरातली, ते तो इचारतो का? ॲपही परदेशातून तेच म्हनतंय. आमी बाजार भरवतो, माल कुनाचा ते तुमी आपसात बघा."

"पन चाल तर माही हाय ना?" सिद्धोधनचा आवाज बारीक झाला होता.

"तुमचीच, पप्पा. ज्यानं बसवली त्याची. नोंदनी असलीच पायजे असं न्हाई. पन त्या पोराच्या आधी तुमी वाजवली, हे दाखवावं लागतंय. आन आत्ताच दाखवलं पायजे. त्या कंपनीत परदेशातून पैसा यायलाय. पैसा टाकनारे आधी इचारतात, या चाली खरंच तुमच्या हायत का. आत्ता आपन पक्का पुरावा टाकला तर कंपनीवाले भांडत बसनार न्हाईत, सोडून देतील."

पुरावा म्हणताच आम्ही दोघं हसलो. जिल्ह्यातली निम्मी लग्नं यानं वाजवलेली, आणि प्रत्येक लग्नाचं शूटिंग झालेलं. मी गावात निरोप फिरवला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात डीव्हीडींचा ढीग पडला आणि टीव्हीसमोर बायकांची जत्रा भरली. आपापली लग्नं बघून कोण हसतंय, कोण डोळे पुसतंय. एकीनं तर नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलं, "या, बगा, तुमाला केस होते." मी चहा देऊन देऊन दमलो, पण इतकी मजा दुकानात कधी आली नव्हती.

फक्त एक गोम होती. एकाही डीव्हीडीत सिद्धोधनचा आवाज नव्हता. शूटिंगवाल्यांनी वरातीच्या चित्रावर सरसकट सिनेमाची गाणी चढवलेली. सिद्धोधन बँजो छेडतोय आणि भोंग्यातून मुंबईची नटी गातेय. प्रत्येक डीव्हीडीला तो पुढे सरकून बसायचा आणि गाणं सुरू झालं की मागे टेकायचा. शेवटी त्याची बोटंही थांबली. ते मला बघवेना.

मी मानवतच्या आश्रुबाला फोन लावला. आमच्याकडची जुनी शूटिंगं त्याचीच. आधी त्याला चांगलाच झाडला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "एक कॅसेट हाय, जिच्यावर म्या गानं चढवलं न्हाई. चढवूच दिलं न्हाई. वैजीनाथच्या लग्नाची. त्याच्या मायनं वरातीतच माह्या क्यामेऱ्याच्या पोटातून कॅसेट काढून घेतली होती."

वैजीनाथची माय म्हणजे धुरपदाबाई. गावात तिच्यासमोर कुणी मोठ्यानं हसत नाही. नवरा ऐन उमेदीत गेला, पदरात एवढंसं पोर. तिनं शेत केलं, पोर शिकवलं आणि कुणाला बोट दाखवायला जागा मिळू नये म्हणून चेहरा असा घट्ट करून घेतला की तो पुढे तसाच राहिला. माझ्या मंडपाची एक झालर वाकडी होती म्हणून तिनं मला भर पंगतीत उभं केलं होतं. तिच्या दारात जायचं म्हटल्यावर आश्रुबाला बोलावून पुढे घातलं, मागे मी, आणि सगळ्यात मागे सिद्धोधन आणि प्रियांका.

सगळं ऐकून ती म्हणाली, "ती कॅसेट म्या चुलीत घातली."

सिद्धोधननं हात जोडले. "ऱ्हाऊ द्या माय. तुमचा जीव दुखला आसंल तर चाल गेली तरी चालतीय. दुसरी बसवीन."

आम्ही पायऱ्या उतरलो तोच मागून हाक आली. "थांब रे. तुही चाल आन ती दुसऱ्याच्या नावावर? काहून?"

ती आत गेली. लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात खणात गुंडाळलेली कॅसेट होती. "दोनदा चुलीपात्तर नेली," ती म्हणाली. "पन पोराची वरात हाय तिच्यात. हात धजला न्हाई. बगा काय बगायचं ते. फकस्त मी कुठं दिसता कामा न्हाई."

आश्रुबानं जुना कॅमेरा आणलाच होता. तारा जोडून तो तिच्याच टीव्हीला लावला. वैजीनाथ आणि सूनबाई कामं टाकून येऊन बसले. टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग वरात आली, आणि सोबत खरा आवाज! टेम्पोवर काळ्याभोर मिशीचा सिद्धोधन. पण कोपऱ्यातली तारीख बघून प्रियांकानं कपाळाला हात लावला. आश्रुबानं कॅमेऱ्यात तारीख कधी भरलीच नव्हती. वैजीनाथ दुसरीत असतानाची तारीख दिसत होती.

तेवढ्यात वरात दाराशी आली आणि मी उडालोच. "ती बगा! माही कमान!" थर्माकोलची अक्षरं, माझ्या हातानं कापलेली: चि. वैजीनाथ, चि. सौ. कां. राजेश्री, आणि खाली लग्नाची तारीख, २०११ सालासकट. कमानीखालून चाल चढत चालली होती. मला इतका आनंद झाला की झालर वाकडी आहे हेही दिसलं नाही.

आणि मग त्या कमानीखाली, तारखेच्या बरोबर समोर, पदर खोचून एक बाई नाचत आली.

हीच ती धुरपदाबाई, पण हिला आम्ही कुणी ओळखत नव्हतो. ती हसत होती. पोराच्या डोक्यावरून हात ओवाळत होती, दोन्ही हात वर करून फिरत होती. चाल टोकाला जाऊन तिथंच संपली. तेव्हा ती तिथंच संपायची. बाई नाचता नाचता थबकली, टेम्पोकडे बोट करून ओरडली, "आनिक एकदा!" आणि स्वतःभोवती गर्रकन गिरकी घेतली. टेम्पोवरच्या सिद्धोधननं तिच्याकडे बघितलं आणि त्याची बोटं तिच्यामागे धावली. चाल गिरकी घेऊन खाली आली, ती तेव्हा पहिल्यांदाच.

पुढच्या क्षणी तिनं कॅमेरा बघितला. चेहरा घट्ट झाला, हात पुढे आला, आणि चित्र संपलं.

"लोक काय म्हनतील, असं वाटलं बग," धुरपदाबाई टीव्हीकडे बघतच म्हणाली. "विधवा बाई, आन भर रस्त्यावर. त्या दिवशी मला लय सुख झालं होतं रे. तेच कुनाला दिसू नये असं वाटलं."

प्रियांका हळूच म्हणाली, "आज्जी, तारीख, चाल आन तुमी, तिन्ही एकाच जागी हायत. तुमाला कापलं तर पुरावाच जातोय."

धुरपदाबाईनं मान फिरवली. मला वाटलं, गेलं सगळं. मग तिनं सिद्धोधनला विचारलं, "ते शेवटचं, गर्रकन येतंय ते... तुह्या मनातलं न्हवतं?"

"न्हाई माय. तुमी फिरलात, मी मागं फिरलो. तवापासून आमी बँजो पार्टीतले लोक तिला 'धुरपदाबाईची' म्हनतो. मोठ्यानं कदी म्हनलं न्हाई. भ्या वाटतं तुमचं."

आधी वैजीनाथला हसू फुटलं. मग सूनबाईला. मग धुरपदाबाईच्या तोंडाला पदर गेला आणि खांदे हलायला लागले. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजे अर्धी चाल माही हाय," ती म्हणाली.

"कायद्यात असं बसत न्हाई, आज्जी."

"मंग तुह्या कायद्याला म्हनावं, नीट सरकून बस. आन धाड ती कॅसेट, मला न कापता. बगू दे त्या परदेशातल्या पैसेवाल्यालाबी. झाकून झाकून किती झाकायचं?"

प्रियांकानं कंपनीला आणि ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला सगळं धाडलं. 'संगीताचे नाव' या रकान्यात तिनं लिहिलं, 'धुरपदाबाईची गिरकी'. काही दिवसांतच कंपनीनं हक्क सोडला, एका ओळीत दिलगिरी कळवली आणि मुक्या व्हिडिओला आवाज फुटला. सिद्धोधननं तो मला इतक्या वेळा ऐकवला की मी दुकान बंद करून घरी गेलो.

धुरपदाबाईनं मात्र हिस्सा सोडला नाही. वर्षातून एकदा, वैजीनाथच्या लग्नाच्या तारखेला, सिद्धोधननं तिच्या दारात येऊन ती चाल वाजवायची असं ठरलं. पहिला हिस्सा द्यायला आम्ही वाजतगाजत गेलो. मी फुकट कमान लावली, झालर चार वेळा मापून. सगळा गाव जमला. बाई उंबऱ्यात हाताची घडी घालून उभी, चेहरा नेहमीसारखा घट्ट. चाल चढत गेली, टोकाला जाऊन थबकली, गिरकी घेऊन खाली आली आणि संपली. तरी बाई जागची हलली नाही. सिद्धोधननं माझ्याकडे बघितलं, मी झालरीकडे.

मग तिनं पदर खोचला, पायरी उतरली आणि टेम्पोकडे बोट करून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आनिक एकदा!"