गावकीनं बंद केलेली सुई

माझा भाऊ सुईनं मेला असं आमच्या वाडीत आजही सांगतात. खोटं आहे ते. तो सुई न मिळाल्यानं मेला. हे मी इतक्यांदा सांगितलंय की लोक आता माझ्या तोंडाला लागत नाहीत.

पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागायचं आणि मधेच पायवाटेनं वर चढायचं, की आमची वाडी. दारात म्हशी, उतारावर नाचणी, आणि प्रत्येक घरातला एक तरी पुरुष मुंबईला. माझा भाऊ गोदीत हमालीला होता. आधी तो गर्द ओढायला लागला, मग सुई टोचून घ्यायला लागला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हातावर मोठं गळू झालं म्हणून त्याला तिथल्या सरकारी दवाखान्यात घातलं, तेव्हा त्याच्याजवळ राहायला मी गेले. मी वाडीतल्या बालवाडीची बाई, चार बुकं शिकलेली, म्हणून मला पाठवलं.

तिथं एका संस्थेची बाई यायची. तिनं भावाची एड्सची तपासणी करवली. निकाल चांगला आला, त्याच्या रक्तात काही नव्हतं. मी देवाला हात जोडले, तर ती म्हणाली, "ताई, हे असंच राहायला हवं. तो आज सोडणार नाही. सोडेल तेव्हा सोडेल, पण तोवर जगला पाहिजे. दर वेळी नवी सुई द्या, जुनी परत घ्या. दुसऱ्याची वापरू देऊ नका." मला आधी तिचा रागच आला. भावाच्या हातात मी सुई देऊ? ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही नाही दिली तर तो टोचायचा थांबेल का?" नाही थांबणार, हे मला ठाऊक होतं.

भाऊ घरी आला. वाडीत त्याच्यासारखेच मुंबईहून परतलेले आणखी दोघं होते. नशेचं, टोचायचं औषध त्यांना महाडहून कोणीतरी आणून द्यायचं. मी पोलादपूरच्या मेडिकलमधून सुया आणायचे आणि गोठ्यात एका पत्र्याच्या डब्यात जुन्या जमा करायचे. भाऊ लाजायचा. डब्यात सुई टाकताना माझ्याकडे बघायचा नाही. "ताय, तुला काय वाटत असंल गो," एवढंच एकदा म्हणाला. मी म्हटलं, "मला वाटतंय तू जेवून घ्यावंस." दुसऱ्या दोघांनाही मी सुया द्यायचे, पण जुन्या परत आणायचा त्यांना कंटाळा.

त्या कंटाळ्यानंच घात केला. शिमग्याला मुंबईकर आले, देवळासमोरच्या माळावर पालखी नाचवायला लागले, आणि अनवाणी नाचणाऱ्या एकाच्या पायात सुई घुसली. दुसऱ्या दिवशी गावकी बसली. अध्यक्ष आमचेच आबा, वडिलांचे चुलतभाऊ. बायका गावकीत बोलत नाहीत, ओट्याखाली बसून ऐकतात. मी उभी राहिले. म्हटलं, "सुई पायात गेली ती जुनी परत आली नाही म्हणून. मी गोळा करतेय ना? सगळ्यांनी मिळून करू." एक मुंबईकर हसला. "बाय, तू पोरांची खिचडी बघ," तो म्हणाला, आणि सगळा ओटा हसला. अजून मला ते हसणं ऐकू येतं.

आबांनी निकाल दिला. "आजपासून वाडीत सुई येणार नाय. ज्याच्या घरात घावंल, तं घर वाळीत." वाळीत म्हणजे काय, ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. लावणीला माणूस येत नाही, लग्नाचं बोलावणं येत नाही, मेलं तर खांदा द्यायला कोणी नाही. चार माणसं खाली पोलादपूरला गेली आणि मेडिकलवाल्याला बजावून आली, की आमच्या वाडीत कुणाला सुई दिलीस तर आजूबाजूच्या वाड्यांतलं एक गिऱ्हाईक तुझी पायरी चढणार नाही. परत आली तेव्हा छाती काढून चालत होती. मोठी कामगिरी केली होती ना.

औषध आणून देणाऱ्याला मात्र कुणी हात लावला नाही. तो वाडीतला नव्हता, त्याला वाळीत कसा टाकणार? म्हणजे औषध येत राहिलं आणि सुई बंद झाली. असली अक्कल माणसाला चारचौघं एकत्र बसल्याशिवाय सुचत नाही.

आईनं डबा स्वतः उचलून आबांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "मी मेले तर खांदा कोण देल गो मला?" तिला मी माफ केलं. तिला भीती वाटत होती. बाकीच्यांना कसली भीती होती?

मी महाडला गेले. पहिल्या दुकानात डॉक्टरची चिठ्ठी मागितली. तिथला डॉक्टर म्हणाला, असल्या कामात माझं नाव नको. दुसऱ्या दुकानातल्या माणसानं विचारलं, "घरात कुणाला शुगर आहे का? मग देतो." मी खोटं बोलले, आईला आहे म्हणाले. त्यानं दिल्या. पुढच्या खेपेला त्यानं कागद मागितला, आणि माझ्याकडे कागद नव्हता.

आमच्या म्हशी चरायच्या त्या ओढ्याच्या, पऱ्याच्या काठी दगड रचून केलेला कुंपणाचा गडगा होता. त्याच्या फटीत मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक सुई मिळाली आणि बरोबर एक काडेपेटी. काडेपेटीची काडी ओढायची बाजू खरवडून पांढरी पडली होती. आधी मला कळेना. भावानं मान खाली घालून सांगितलं. सुई बोथट झाली की तिथं घासून धार लावायचे. तिघांत तेवढीच एक सुई होती. वापरून झाली की पऱ्याच्या पाण्यात खंगाळून परत फटीत.

त्या एका सुईतच सगळं संपलं होतं. हे नंतर कळलं.

मधल्या काळात भावानं सोडलं. हो, सोडलं. हे कोणी सांगत नाही. कुणी मारलं नाही, कुठल्या केंद्रात ठेवलं नाही. एका पावसाळ्यात तो आजारी पडला, अंथरुणातच कमी करत गेला आणि पुढच्या पेरणीला औताला उभा राहिला. नंतर काही वर्षं त्यानं म्हशी राखल्या, घराची कौलं शाकारली, माझ्या बालवाडीला दार करून दिलं. त्याच्यासाठी मुलगी बघायचं आईच्या मनात यायला लागलं होतं. मग ताप धरला, तो उतरेचना. महाडच्या दवाखान्यात रक्त तपासलं, आणि मुंबईची ती बाई 'असंच राहायला हवं' म्हणाली होती, ते तसं राहिलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात एड्सच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या तोवर तो गेला होता. त्याच्याबरोबरच्या दोघांपैकी एक त्याच्याआधी गेला. दुसरा गोळ्या खाऊन आहे. आमच्या दारात खांदा द्यायला सगळी वाडी आली. आबा पुढं होते.

आता आबांना शुगर झाली आहे. गोळ्यांनी भागेना, म्हणून डॉक्टरांनी रोज इन्सुलिन टोचायला सांगितलं. मुलगे मुंबईला, काकीचे हात कापतात. वाडीत सुईला न भिणारी एकच बाई, म्हणून मला बोलावणं आलं. पहिल्या सकाळी गेले तर ओट्यावर औषधाची बाटली, सुयांचं पाकीट आणि शेजारी आदल्या दिवशी डॉक्टरांनी वापरून दाखवलेली सुई. बाजूला करावी म्हणून ती मी उचलली.

"ती नको गो," आबा घाईनं म्हणाले. "डॉक्टर बोलला, वापरलेली घ्यायची नाय. दर टायमाला नवी काढायची."

मी ती हातातच धरली. म्हटलं, "आबा, माझ्या भावाला हेच पाहिजे होतं. एवढंच."

"त्याचं येगळं व्हतं," ते म्हणाले.

"काय वेगळं होतं?"

त्यांनी सदरा वर करून पोट पुढं केलं. त्यांच्या पोटाची कातडी भावाच्या हातासारखीच होती, टोचली की तशीच जराशी आत जायची. मी पाकीट फोडलं, नवी सुई काढली, टोचली, आणि जुनी घरून आणलेल्या डब्यात टाकून झाकण लावलं.

रोज सकाळी जाते. ते जगावेत असं मला रोज वाटतंच असं नाही. सुई मात्र रोज नवी काढते.