वॉल्टरचा वळणारा गोळा

वॉल्टर हा झेवियरचा सख्खा धाकटा भाऊ. अख्ख्या माजिवड्याला ते ठाऊक होतं, तरी झेवियर आधी हेच सांगायचा. मग मिशीवरून हात फिरवायचा आणि वॉल्टरच्या तोफेच्या गोळ्यावर यायचा.

मिशी पण काय मिशी. दोन्ही ओठ झाकून खाली उतरलेली, रोज खोबरेल पिणारी. झेवियरचं शिक्षण चौथीपर्यंत, भाताची दोन खाचरं, पण तशी मिशी पंचक्रोशीत नव्हती.

वॉल्टर अठ्ठेचाळीस साली नेव्हीत गेलेला, तोफेवर. पुढे त्याला शिकायला विलायतेला पाठवलं. तिथं एक नवीनच गोळा करून बघत होते.

"साधा गोळा तोफेतून सुटला की सुटला," झेवियर सांगायचा. "विमान जरा बाजूला झालं की गोळा फुकट. आमच्या वॉल्टरच्या गोळ्याला बाहेर पडल्यावर पंख उघडतात. पोटात वायरलेस. बोटीवरचा माणूस इथून चावी फिरवतो, तिकडे गोळा विमानाच्या मागे वळतो. हाक मारली की आपला बैल वळतो ना, तसा."

"तोफेच्या दणक्यानं वायरलेसचा चुरा नाय होत?" कुणी विचारायचं.

"होतो ना. म्हणून तर परत परत उडवून बघतात. आमचा वॉल्टर तोफेच्या शेजारीच असतो."

चोपन्न सालच्या मे महिन्यात बहिणीच्या, जॉर्जिनाच्या लग्नाला वॉल्टर घरी आला. झेवियरला दोनच गोष्टी हव्या होत्या. गोळा वळला हे वॉल्टरनं नव्या व्याह्यांसमोर सांगायचं. आणि उंबराच्या पाण्याला त्यानंच कॉर्नेट, बँडमधली ती आखूड पितळी तुतारी, वाजवायचं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून, नाचत नाचत विहिरीवर जायचं आणि नवरीसाठी पाणी आणायचं, तो हा मान. नेव्हीत जायच्या आधी वॉल्टरच्या कॉर्नेटवर म्हातारीकोतारीसुद्धा पाय टाकायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी व्याही आले तसं झेवियरनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे वॉल्टर, वळला ना गोळा?"

वॉल्टर त्याच्या मिशीकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "हो, जेवलो."

पाहुणे हसले. झेवियरची छाती उलट जास्तच फुगली. "बघितलंत? सरकारी गुपित आहे. सख्ख्या भावाला पण ताकास तूर लागू देत नाय."

संध्याकाळी बँड विहिरीपाशी पोचला. बँडमास्तरनं हात वर केला. ढोल थांबला, क्लॅरिनेट थांबलं. वॉल्टर सगळ्यांच्या पुढे, पाठमोरा, डोळे मिटून वाजवत राहिला. सूर भलतीकडेच चाललेला.

"नेव्हीवाल्याला चढली वाटतं," विश्राम ढोलवाला म्हणाला. झेवियर पण हसला.

"वॉल्टर, बस कर रे."

कॉर्नेट चालूच.

"वॉल्टर." आता मोठ्यानं. "अरे ए वॉल्ट्या."

शेवटी जॉर्जिना पुढे गेली आणि तिनं त्याच्या दंडाला हात लावला. त्यानं डोळे उघडले. सगळ्यांची वाद्यं खाली होती. त्यानं कॉर्नेट खाली घेतलं आणि तोटी हातरुमालानं पुसत बसला, खूप वेळ. झेवियर तेव्हा हसत नव्हता.

घरी फेलिशिया, झेवियरची बायको, चुलीपाशी लग्नाचे फुगे, मैद्याचे गोल वडे, तळत होती. तो आला तशी ती कढईतून नजर न काढता बोलली.

"वॉल्टर आल्यापासून मी बघतेय. समोर उभं राहिलं की माझं बोलणं कळतं त्याला. जॉर्जिनाचं कळतं. तुमचं कळत नाय."

"माझंच का नाय?"

"ओठ बघून ऐकतो तो. तुमच्या मिशीखाली ओठ दिसतात कुठं?"

झेवियरच्या हातात गरम फुगा होता. तो तसाच राहिला.

"झालं काय त्याच्या कानांना?"

"तोफेच्या शेजारी उभा असायचा ना," फेलिशिया म्हणाली. "तुम्हीच तर सांगत फिरता गावभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडवाले मांडवात आले तेव्हा झेवियर घराच्या मागून तिथं आला. मिशी नव्हती. तेवढाच भाग पांढराफटक, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. विश्रामनं बोलायला तोंड उघडलं. फेलिशियानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसं त्यानं ते मिटलं.

वॉल्टर खांबाला टेकून बसलेला. कॉर्नेटची पेटी बंद होती. झेवियर त्याच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"वळला का रे तो गोळा?" आवाज न चढवता त्यानं विचारलं.

वॉल्टर त्याच्या उघड्या ओठांकडे बघत राहिला. डोळे भरले त्याचे.

"एकच," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांचा आत चुरा झाला, दादा. एकच वळला. एवढासा." त्यानं तळहात जरासा कलता केला. "मग त्यांनी ते काम बंदच केलं."

"पण तू बघितलास."

"बघितला."