मापांची वही

"वाच. मोठ्यानं वाच."

पोलीस साहेबांनी वही माझ्या हातात दिली. मी वाचलं. नाव, छाती, कंबर, पुढचा गळा, मागचा गळा, बाही. केंद्राच्या ओट्यावर उभी राहून, भर दुपारी. समोर पोलीस, पंच म्हणून आणलेली दोन माणसं आणि रस्त्यावर गोळा झालेली तिरोड्याची गर्दी. तिसरं नाव आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराच्या बायकोचं. तो स्वतः गर्दीत होता. मी छातीचं माप वाचलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "बढिया है." लोक हसले. दुकानदार मान खाली घालून निघून गेला.

मी वाचत राहिले. तेवीस नावं.

केंद्र म्हणजे मुस्लिम मोहल्ल्यातल्या लोकांनी बांधलेल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत उर्दू, हिंदी, मराठी पुस्तकं, आणि गुरुवारी कव्वालीचा सराव. मागच्या खोलीत माझ्या तीन शिलाई मशिनी आणि साबिराआपाचा कापड कापायचा टेबल. मी मापं घ्यायची, ती कापायची. तिला फक्त उर्दू वाचता यायचं, आकडेसुद्धा उर्दूतलेच. म्हणून तिच्याकडून मी उर्दूचे दहा आकडे शिकले. वहीत नाव मराठीत, माझ्यासाठी. माप उर्दूत, तिच्यासाठी. अकरा वर्षं असंच चाललं. एकही ब्लाउज चुकला नाही.

त्या सकाळी दारावर सरकारी आदेश चिकटवला होता. केंद्रात धार्मिक कट्टरता पसरवली जाते असा संशय आहे, म्हणून केंद्र बंद. संशय कोणाचा, कशावरून, ते लिहिलं नव्हतं. पुस्तकं गेली, हार्मोनियम गेली, माझ्या मशिनी गेल्या. मग वही सापडली.

"हिंदू बायकांची नावं आणि पुढे उर्दूत लिहिलेलं. ही कसली यादी आहे?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "मग वाच."

वाचून झाल्यावर त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तोवर ते मला 'तू' म्हणत होते.

"तुम्ही तर बौद्ध आहात बाई. मग यांच्यात काय करता?"

मी म्हणाले, "मी यांच्यातली नाही, साहेब. मी फक्त शिवते."

साबिराआपा हातभर अंतरावर उभी होती. तिनं कात्री शिपायाच्या हातात दिली आणि पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या आजोबांना दीक्षेआधी गावात 'तू कोणातला' असं विचारत आणि ओसरीखाली उभं करत. त्याच प्रश्नाला मी उत्तर दिलं. 'तुम्ही' ऐकून बरं वाटलं, म्हणून दिलं.

आठवड्यानं दुकानदाराच्या बायकोनं मला बाजारात अडवलं. "तू वाचलंच काऊन वो बाई? येत नाई वाचता मले, असं म्हनता नाई आलं तुले? तेथ कोनाले समजत होतं उर्दू?"

खरं होतं. काहीही आकडे सांगितले असते तरी चाललं असतं. मला सुचलंच नाही. आमच्या घरात आई अंगठा लावायची. मला शाळेत पाठवलं ते कोणी कागद पुढे केला तर वाचून दाखवायला. कागद पुढे आला, मी वाचला.

साबिराआपाच्या घरी गेले. तिनं चहा ठेवला.

"आपा, मी त्या दिवशी..."

"पुलिस के सामने सब बोलते, बाई. पियो, ठंडी हो रही."

ती चिडली असती, भांडली असती, तर मी झेललं असतं. तिनं बिस्किटाची बशी पुढे सरकवली. महिन्याभरात ती मुलीकडे बालाघाटला निघून गेली. मला निरोप नाही. घर विकलं, हे मला भाजीवालीकडून कळलं.

त्यानंतर साहेबांनी मला ठाण्यात बोलावलं. जबाब टाईप करून तयार होता. केंद्रात बाहेरची माणसं येत, मुलींना भडकवत, मी भीतीपोटी गप्प राहिले, असं त्यात.

"सही करा. तुमच्या मशिनी आजच सोडतो. तुम्ही आपल्यातल्या आहात म्हणून सांगतो."

मी दोनदा वाचला. मनात.

"यातलं मी काहीच पाहिलं नाही. सही करणार नाही."

"मशिनी सडतील इथंच."

"सडू द्या."

"अगं, तू कशाला मरतेस त्यांच्यासाठी?"

परत 'तू'. या वेळी मला ते बरोबर वाटलं. मी कोरा कागद मागितला. दिला नाही. घरी येऊन लिहिलं. अकरा वर्षांत तिथं काय पाहिलं, कोण काय शिकलं, कोणती पुस्तकं होती. ओट्यावर मी 'यांच्यातली नाही' म्हणाले ते भीतीनं आणि लोभानं म्हणाले, तेही लिहिलं. रजिस्टर पोस्टानं कलेक्टर ऑफिसला पाठवलं.

केंद्राच्या बंदीवर तिथं लागलेली सुनावणी तीनदा पुढे ढकलली. तिन्ही वेळा मी गोंदियाला गेले. नवरा म्हणतो, आता सोड. साबिराआपा परत येणार नाही, मला माहीत आहे. ती माझ्याशी पूर्वीसारखी कधी बोलणार नाही, तेही माहीत आहे. चौथ्या तारखेलाही मी जाणार. केंद्राच्या बाजूनं उभी राहणार. माझं म्हणणं लिहून घेत नाहीत तोवर तिथून हलणार नाही.