गाऱ्हाण्याला दिलेला होकार

आमच्या गावाच्या वर, सड्याच्या उघड्या कातळावर स्वामींचा मठ आहे. स्वामी टीव्हीवर आले, पेपरात आले, पुढाऱ्यांबरोबर फोटोत आले, मग त्यांच्यावर आरोपही आले. पण आमच्या घरात त्यांच्यावर शंका घेणं म्हणजे पाप. सासरे प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून यायचे. विहीर कुठे खणायची, आंब्याच्या कलमांवर फवारणी कधी करायची, मला दुसरं मूल कधी व्हायला हवं. हो, तेही! मी चिडायचे, भांडी आपटायचे आणि गुरुवारी निमूटपणे मठात सेवेला जायचे. नवरा बोटीवर खलाशी, महिनोन् महिने पाण्यावर. पोराला घेऊन मी जाणार कुठे?

धाकटी जाऊ लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी मठामागे टोपं घासत होते. स्वामींनी जावेला पाद्यपूजेसाठी एकटीलाच आत बोलावलं आणि दार लागलं. थोड्या वेळाने ती धावतच बाहेर आली. पदर हातात, बांगड्या फुटलेल्या, मनगटातून रक्त येत होतं. मागोमाग स्वामी दारात आले आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "सूनबाईंना भोवळ आली." मी तिला पाणी दिलं, पण बोलले काहीच नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

जाऊ माझ्यासारखी भित्री नव्हती. आठवड्याने बाजाराला जाते म्हणून एसटीत बसली आणि रत्नागिरीला जाऊन तक्रार देऊन आली. साक्षीदार म्हणून तिने माझं नाव सांगितलं. सासऱ्यांनी तिचा मोबाईल काढून घेतला. तिचा नवरा मुंबईहून फोनवर म्हणाला, "तिला सांभाळा." म्हणजे डांबून ठेवा. पोलिसांनी मला सोमवारी जबाबाला बोलावलं आणि गावाने रविवारी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

गाऱ्हाण्यात गावचा मानकरी, गावकार, देवासमोर उभा राहून बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला गाव एकसुरात होकार देतो. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी सगली लेकरं तुझ्या पायाशी जमल्येत..."

"व्हय म्हाराजा!"

"कोण मुंबयला हाय, कोण पाण्यावर हाय, त्यांना सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!" हे मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

"आनि स्वामींच्या मठात वंगाळ काय घडलेलाच नाय. जो घडला म्हणंल, त्याच्या घरादाराला तू बघून घे..."

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर ध्यानात आलं, त्यात माझाही आवाज होता. शेजारी जाऊ तोंड घट्ट मिटून उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. मेले मी तिथेच!

घरी आल्या आल्या सासूबाई म्हणाल्या, "देवासमोर व्हय म्हटलंस गो. आता उलटलीस तर माझ्या झिलाला भोगायचा. तो पाण्यावर हाय."

सोमवारी सासरे मला पोलीस ठाण्यात घेऊन गेले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मी पक्कं ठरवलं होतं, सांगायचं की माझी पाठ होती, काही दिसलं नाही. पोलीसबाईने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "तुमच्या जावेला भोवळ आली होती, खरं का?"

माझं डोकंच फिरलं. भोवळ! "कसली डोंबलाची भोवळ?" मी म्हटलं आणि मग दार, बांगड्या, रक्त, त्याचं ते हसणं, सगळं सांगून टाकलं. मग खाली सही केली.

त्यानंतर घरात माझ्याशीही कोणी बोलेना. आम्हा दोघी जावांची पानं मागच्या पडवीत. बोटीला रेंज नव्हती. मी दिवसभर फोन कमरेला खोचून फिरायचे. जरा वारा सुटला की तो काढून त्यांचा नंबर लावायचे. देवाला म्हणायचे, काय करायचं ते माझं कर रे, त्यांना हात लावू नको. जावेला वाटायचं, काही झालंच तर ते तिच्यामुळे. ती दोन घास खाऊन उठायची.

दहाव्या दिवशी आम्ही जेवत असताना फोन वाजला. त्यांचा आवाज! मी ढसाढसा रडायला लागले. धडधाकट होते, जिवंत होते.

"बंदराला लागल्यावर आधी बाबांना फोन लावला. त्यांनी सगला सांगितलंन," ते म्हणाले. "उद्याच्या उद्या जा आणि जबाब फिरव. नायतर मी यायच्या आत चालती हो. पोराला इथंच ठेवून."

फोन कट झाला. मी तो तसाच कानाला धरून बसले होते. जाऊ माझ्या तोंडाकडे बघत होती.

"भावजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"सुटले बाई एकदाची," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी तिने पान पुढे करून भात मागितला. मी वाढला.