धूळ चालत नाही

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी रामनगरच्या घरात मशीनवर ब्लाऊज शिवत होते. बेंगळुरूहून तिची मैत्रीण बोलत होती. तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेईपर्यंत... पुढचं मी ऐकलंच नाही, उलट तिच्यावरच खेकसले. धाकट्या बहिणीनं आधी जायचं, हे कुठल्या गणितात बसतं?

गणित तिचं. आमची सुमी कुंभारवाड्याच्या शाळेतून थेट बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत पोचली आणि शरीरातल्या पेशी कशा सरकतात याचं गणित मांडू लागली. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं चित्रण करायचं, प्रत्येकीची वाट रेषेनं काढायची आणि त्या गुंत्यात काही मेळ दिसतो का ते पाहायचं. कॅन्सरची पेशी भरकटत जाते की रोख धरून, हा तिचा प्रश्न. लॅपटॉपवर ते बघून आई म्हणाली, "चकवा लागल्यागत फिरत्यात की गं!" आमच्या रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो. सुमी हसली. "न्हाई आई, ह्यास्नी वाट ठाव हाय. समद्या एकाच अंगाला कलत्यात." त्या शोधावर तिची कायमची नोकरी ठरत होती, आणि आईनं ते गावभर करून टाकलं होतं.

सुट्टीला आली तेव्हा गावी, कुंभारवाड्यात, रेंज नाही म्हणून ती माझ्याकडे उतरली. त्या दुपारी तिचे सर मोठ्या सभेत तोच शोध मांडणार होते. मी भाकरी थापत होते, ती चित्रण पुन्हा बघत होती. बघता बघता तिनं मला हाक मारली.

"अक्का, हे बघ. ही पेशी न्हवं, धूळ हाय. बशीला चिकटलेली."

"मग?"

"ती बी तिकडंच चाललीया." तिनं चित्रण मागे नेऊन पुन्हा लावलं. "अक्का, धूळ चालत न्हाई."

म्हणजे बशीच हळूहळू सरकत होती. तेवढं सरकणं वजा केलं की रोख संपला, उरली नुसती भटकंती. "एवढ्याशा कणाला कोण इचारतंय? नोकरी लागू दे की आधी!" मी म्हटलं, तशी ती कडाडली, "चकवा पेशींना न्हाई, मला लागलाय! सर उभं ऱ्हायच्या आत सांगाय पायजे." फोन लागेना. लागला तर सर उचलेनात. तेवढ्यात वीज गेली आणि रेंजही. ती अनवाणीच स्टँडकडे पळाली, पिठाच्या हातांनी मी मागे. तिथल्या पानवाल्याच्या लँडलाइनवरून, सभा सुरू व्हायच्या आत, एकदाचे सर भेटले. ती इंग्रजीत बोलत होती, मला 'सॉरी' तेवढं कळलं.

कायमची नोकरी गेली ती गेलीच, सुमी तिथंच तात्पुरत्या कामावर राहिली. "धुळीपायी?" आई महिनाभर धुसफुसत होती.

तेराव्यानंतर मैत्रिणीनं लॅपटॉप आणून दिला. म्हणाली, त्या दिवसापासून सुमन प्रत्येक बशीत मुद्दाम एक निर्जीव कण चिकटवायची आणि आधी तोच तपासायची. तो हलला तर सगळं चित्रण बाद. आम्ही तिचं शेवटचं चित्रण लावलं. पेशी वळवळत होत्या, कोपऱ्यातला कण जागच्या जागी. आई पडद्याला नाक लावून बसली होती.

"ह्यो का हलंना?"

"हलू नये म्हणूनच ठेवलाय, आई. म्हंजे सुमीचं बरोबर हाय."

आईनं त्या कणावर बोट टेकवलं.

"हल की गं, सुमे," ती म्हणाली.