यू झाडामागचे तुर्की पाहुणे

पर्सी थ्रसेल टाय बांधायचा तो दोनच प्रसंगी: कुणाच्या अंत्यविधीला आणि फेब्रुवारीत हॅझलकोटच्या बागेत स्नोड्रॉपची पांढरी फुलं बघायला. वय अठ्ठ्याहत्तर. त्यातली एकेचाळीस वर्षं याच इस्टेटीत माळीकामात गेलेली. आता तो फाटकातून पाहुण्यासारखा आत शिरायचा आणि पुढचे दोन तास मालकासारखा वागायचा.

"गवतावर नको, बाईसाहेब. तुमच्या बुटाखाली कंदांच्या चार पिढ्या झोपल्यात."

बाईसाहेब दचकून एका पायावर उभ्या राहायच्या. पर्सीचा दिवस सार्थकी लागायचा.

स्नोड्रॉपवेड्यांची त्याला भारी गंमत वाटे. फूल बिचारं मान खाली घालून उभं असतं आणि त्याच्या पोटातला हिरवा ठिपका बघायला चांगले शिकलेसवरलेले लोक चिखलात लोळण घेतात. या मंडळींची सगळ्यात जास्त गर्दी व्हायची ती जुन्या यू झाडामागे, 'अज्ञात' अशी पाटी लावलेल्या झुबक्यापाशी.

हे अज्ञात कोण, ते पृथ्वीतलावर फक्त पर्सीला ठाऊक होतं.

चौसष्ट सालच्या फेब्रुवारीत बंगल्यात भांडी घासणाऱ्या डोरीननं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक झुबका त्याच्या हातात कोंबला होता. "आमच्या गटाराकडेचे आहेत. आईनं दिलेत. लाव कुठंतरी. मेले तर मी त्या खाटकाच्या पोराशी लग्न करीन."

पर्सी तबेल्यावरच्या माळ्यात राहायचा. स्वतःची म्हणावी अशी माती त्याच्या नखांत होती तेवढीच. त्यानं ते गुपचूप यू झाडामागे, बंगल्याच्या साहेबांच्या दुर्मिळ स्नोड्रॉपच्या संग्रहात लावून टाकले. पुढच्या वर्षी मुख्य माळी टॅपस्कॉट तिथं थबकला. पाकळ्यांच्या टोकांना किंचित हिरवी झाक होती. आपल्याला माहीत नाही असं म्हणण्यापेक्षा टॅपस्कॉटनं फावडं गिळलं असतं.

"हं. थोरल्या साहेबांनी तुर्कस्तानातून आणलेलं दिसतंय. नोंद गहाळ झाली असणार," तो म्हणाला, आणि 'अज्ञात' अशी पाटी लागली. मागे ढकलगाडी धरून उभ्या असलेल्या पर्सीनं तोंड जे मिटलं ते मिटलंच. लग्नानंतर दर फेब्रुवारीत डोरीन त्या झुबक्यापुढे गुडघ्यात लवून विचारायची, "काय तुर्की पाहुणे, थंडी मानवतेय ना?" आणि दोघं झाडाआड पोट धरून हसायची. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

यंदा झुबक्यापुढे फॉसेट नावाचा निवृत्त दंतवैद्य रबरी चटईवर गुडघे टेकून, भिंग लावून बसला होता. शेजारी इमोजेन, नवी मुख्य माळीण, वही घेऊन उभी.

"निःसंशय नवीन जात!" फॉसेट म्हणाला. "नाव आज नोंदवून टाकू. 'लेडी ऑगस्टा'."

लेडी ऑगस्टा! डोरीननं काचेचा एक पेला फोडला म्हणून तिला नाताळात कामावरून काढणारी बंगल्याची मालकीण ती हीच. बोलावं, तर संग्रहातलं साधं रोप थेट खताच्या ढिगावर जातं. ती शिस्त पर्सीनंच दहा जणांना शिकवलेली. न बोलावं, तर डोरीनच्या आईची फुलं जन्मभर त्या बाईच्या नावानं मिरवणार.

त्यानं टोपी काढली.

"ती गटाराकडेची आहेत," तो म्हणाला. "माझ्या बायकोची. मी लावलीत. चोरून."

फॉसेटचं भिंग हातातून खाली पडलं. "अहो, मी यावर दोन लेख लिहिलेत!"

"वाचलेत मी. छान होते. डोरीन तर हसून हसून खुर्चीवरून पडली होती."

इमोजेननं वही मिटली. "पर्सी, हे इथं ठेवता येणार नाहीत. तुम्हाला माहितेय."

"माहितेय."

"पण खताच्या ढिगावर टाकायलाच हवेत असं नाही. आत्ता पानं हिरवी आहेत, उचलायला हाच काळ चांगला. जागा आहे का तुमच्याकडे?"

"आहे की. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. गटार पण आहे शेजारी. त्यांना घरच्यासारखं वाटेल."

तिनं त्याच्यापुढे फावडं धरलं. पर्सीनं आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग फॉसेटच्या.

"डॉक्टर, तुम्ही खाली आहातच," तो म्हणाला. "खणा. जरा लांबून खणा, मुळं तोडू नका. आणि सावकाश, तो काही दात नाही."

फॉसेट खणू लागला. पर्सी टोपी छातीशी धरून त्याच्या डोक्यावर उभा राहिला आणि एकेक कंद मोजून घेऊ लागला.